निकिता बाहेर बसते

"लॅपटॉप आला की सगळं सुरळीत होणार आहे," असं निकितानं जाहीर केलं, तेव्हा तिचा आवाज धरणाचं भूमिपूजन करायला आलेल्या मंत्र्यासारखा होता. समोर श्रोते मोजकेच. नवरा रविराज, सासूबाई ललिताबाई आणि अजून धड उभंही न राहता येणारा ओजस. टाळ्या फक्त ओजसनं वाजवल्या. पण तो तर कुकरच्या शिट्टीलाही वाजवायचा.

बेत मात्र खरोखर चोख होता. ओजसच्या आधी निकिता नाशिकच्या अंबड वसाहतीतल्या एका कारखान्यात मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज करायची. तिथले देवरे साहेब तिचं ड्रॉइंग बघून कधी काही बोलायचे नाहीत, म्हणजे ते खूश असायचे. आता त्यांनीच निरोप पाठवला होता, की एका गिअरबॉक्सच्या झाकणाचं ड्रॉइंग घरी बसून करा आणि शनिवारी आणून दाखवा. जमलं तर कायमचं घरून काम. नाही जमलं, तर पूर्वीसारखं रोज अंबडला यावं लागेल.

आणि निकितानं रोज अंबडला जायचं म्हणजे ओजसनं पाळणाघरात जायचं! ललिताबाईंचे गुडघे रांगत्या पोरामागे दिवसभर धावण्यातले नव्हते. पाळणाघर निकितानं बघून ठेवलं होतं. तिथं एक गुटगुटीत पोर भिंतीचा चुना चाटत होतं आणि पाळणाघराच्या बाई शांतपणे म्हणाल्या होत्या, "राहू द्या हो, कॅल्शियम असतं त्यात." त्या दिवसापासून निकिताच्या स्वप्नात ओजस अख्खी भिंत खाऊन पलीकडच्या खोलीत निघायचा.

घरात जुना कॉम्प्युटर होता. पण तेव्हाचं लोडशेडिंग आठवतंय ना? तो बिचारा सुरू होऊन आळोखेपिळोखे देतो न देतो तोच वीज जायची. म्हणून लॅपटॉप. वीज गेली तरी चालणारा, मांडीवर मावणारा, काळाभोर, चकचकीत. कॉलेज रोडवरच्या दुकानातून रविराजनं तो आणला, तो छातीशी धरून, नवजात बाळ दवाखान्यातून आणावं तसा.

आता इथं ललिताबाईंबद्दल थोडं सांगायला हवं. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलेलं. दृष्ट, उतारा, लिंबू-मिरची यांतलं काहीही त्या घरात येऊ देत नसत. "आमच्याकडे तसलं काही नसतं" हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यांचा विश्वास एकट्या शास्त्रावर, आणि निवृत्त झाल्यापासून त्या शास्त्राचं नाव होतं चुंबक. एका मैत्रिणीनं त्यांना कुठल्याशा हॉलमधल्या व्याख्यानाला नेलं, आणि त्या परत आल्या त्या चुंबकाच्या होऊनच. पिण्याचं पाणी चुंबकावर ठेवलेलं, चपलांत चुंबक, उशीखाली चुंबक, बीपीसाठी मनगटात चुंबकांचा पट्टा. रविराजनं ऑफिसचं कारण सांगून स्वतःची सुटका करून घेतली. राहिली सून. सून सारखी काळजी करते, रात्रंदिवस ओजसच्या नाकाशी बोट धरून श्वास बघते, म्हणजे हिचं रक्ताभिसरण बिघडलंय, असं निदान करून ललिताबाईंनी तिच्या डाव्या मनगटात एक तांबूस रंगाचा पट्टा अडकवला. आतून गोल गोल चुंबकं बसवलेला.

निकितानं तो घातला. सासूबाईंना नाही म्हणायचं म्हणजे न्यूटनला नाही म्हणण्यासारखं होतं. मात्र घराबाहेर पडली की जिन्यावरच ती तो काढून पर्समध्ये टाकायची, आणि परत येताना जिन्यावरच पुन्हा घालायची. पोरगी तिशीच्या आत आणि हिला बीपी झालं, असं बिल्डिंगमध्ये कोणी म्हणायला नको!

सोमवारी ओजसला पाळण्यात घालून निकिता कामाला बसली. झाकणाची बाहेरची रेघ झाली. आतलं वर्तुळ झालं. बोल्टच्या भोकांसाठी ती हात टेकवून नीट बसते न बसते तोच पडदा काळाठिक्कर! ना आवाज, ना धूर. तिनं बटण दाबलं, काहीच नाही. दाबून धरलं, तसा लॅपटॉप 'टक्' करून पुरता गेला. पुन्हा सुरू केल्यावर त्यानं इंग्रजीत तिलाच झापलं, की मागच्या वेळी तुम्ही मला नीट बंद केलं नाहीत. आणि ड्रॉइंग? सेव्ह करायच्या आधीच गेलेलं.

तिनं पुन्हा रेघ काढली, पुन्हा वर्तुळ काढलं. पुन्हा काळोख.

संध्याकाळपर्यंत तिची दशा अशी झाली, की लॅपटॉपकडे बघताना ती श्वास रोखून बघायची, ओजसकडे बघायची तशी. ओजस तर दिवसभर टक्क जागा. पाळणा हलवून हलवून ललिताबाईंचा खांदा दुखायला लागला होता.

निकितानं दुकानात फोन लावला. तिथला भिकन नावाचा मेकॅनिक मालेगावचा, गोड बोलणारा. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "मॅडम, घाबरू नका. तो बंद नाही पडत. झोपतो."

"झोपतो?"

"हां, स्लीप. लॅपटॉपला झोप लागते."

निकिताला रडावं की हसावं कळेना. या घरात जो झोपायला हवा तो झोपत नव्हता, आणि जो जागा राहायला हवा तो दर घटकेला झोपत होता!

मंगळवारी ती लॅपटॉप घेऊन दुकानात गेली. भिकननं तो उघडला, गाणी लावली, चित्रं दाखवली, निकिताला स्वतः टाइप करायला लावलं. तिनं भीत भीत टाइप केलं. लॅपटॉप परीक्षेच्या दिवशी शाळेत बसलेल्या हुशार मुलासारखा सगळी उत्तरं देत होता. भिकननं तरीही आतलं सगळं पुसून नवीन भरून दिलं. घरी आल्यावर निकितानं ओजसला मांडीवर घेतलं, लॅपटॉप उघडला, हात टेकवले. काळोख.

मग निकितानं शोध आरंभला. आई झाल्यापासून तिची नजर अशी तीक्ष्ण झाली होती, की फरशीवर पडलेली मोहरी तिला स्वयंपाकघरातून दिसायची. आधी तिला विजेचा संशय आला. म्हणून तिनं वायर काढून नुसत्या बॅटरीवर चालवला. झोपला. मग टेबलाचा संशय आला. लॅपटॉप जमिनीवर मांडला, पलंगावर मांडला, देवघराशेजारच्या कोनाड्यात मांडला. सगळीकडे झोपला. मग खालच्या गिरणीच्या हादऱ्यांचा संशय आला, पण गिरणीला सुट्टी असतानाही तो तितकाच गाढ झोपला.

रविराजनं संध्याकाळी बसून पाहिलं. तो बराच वेळ त्यावर पत्ते खेळला. लॅपटॉप टवटवीत! रविराज म्हणाला, "तू घाबरतेस आणि भलतंच काहीतरी दाबतेस." हे वाक्य नवऱ्यानं कोणत्याही यंत्राबद्दल बोलू नये, हे त्याला त्या रात्रीच्या भाजीतून कळलं.

बुधवारी तर कहर झाला. निकिता दूध तापवायला उठली, तेवढ्यात ओजस रांगत गेला आणि लॅपटॉपवर चढून बसला. अख्खा! दोन्ही तळव्यांनी त्यानं कीबोर्डवर ढोलताशा वाजवला, वरून लाळेचा अभिषेक केला. लॅपटॉप ढिम्म हलला नाही. निकितानं धावत येऊन त्याला उचललं, रुमालानं बटणं पुसायला डावा हात ठेवला, आणि पडदा काळा!

ती ओजसला घेऊन लॅपटॉपपासून चार पावलं मागे सरकली. म्हणजे वीज नाही, टेबल नाही, गिरणी नाही. मीच. माझ्याच हातात काहीतरी आहे.

तिची ही अवस्था बघून ललिताबाईंना राहवेना. काळजीनं काळजी वाढते, हे शास्त्र आहे, असं म्हणून त्यांनी तिच्या उजव्या मनगटातही एक पट्टा अडकवला. आता तर निकितानं नुसतं लॅपटॉपला नमस्कार करायला हात पुढे केले, तरी तो डोळे मिटायचा.

गुरुवारी सकाळी तिनं पुन्हा दुकान गाठलं. तिथं लॅपटॉप नेहमीप्रमाणे सज्जन. भिकननं डोकं खाजवलं आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, बुरा मत मानो, पण मशीन एकदम ओके है. तुमच्या घरात काहीतरी आहे."

परत येताना निकिता बिल्डिंगच्या जिन्यात थबकली. घरात काहीतरी आहे. दुकानात मी हात लावते तेव्हा चालतो. घरात रविराज हात लावतो तेव्हा चालतो. फक्त मी आणि घर एकत्र आलो, की झोपतो! लॅपटॉपला जणू कोणीतरी कानात सांगून ठेवलं होतं, की सुनेनं घरात बसून असली कामं करायची नसतात. तिनं तिथंच, दाराबाहेरच्या पायरीवर, लॅपटॉप मांडीवर घेऊन उघडला. हात टेकवले. डोळे घट्ट मिटले. एक डोळा किलकिला करून पाहिलं.

चालू!

रेघ काढली. चालू. वर्तुळ काढलं. चालू! निकिताला इतका आनंद झाला, की तिनं पायरीवरूनच हाक मारून ललिताबाईंना सांगितलं, ओजसला आत सांभाळा, मी आता बाहेरच बसणार. पट्टे अर्थातच पर्समध्ये होते. जिन्यात येणारेजाणारे असतात, तिथं ते घालायची सोयच नव्हती.

आणि निकिता बाहेर बसली. गुरुवारची दुपार बसली, शुक्रवारी सकाळपासून बसली. आतून ओजसच्या रडण्याचा आवाज आला की तिचा जीव खालीवर व्हायचा. ती दारात जाऊन डोकावायची, पण कामाच्या वेळात आत पाऊल टाकायची नाही. न जाणो, घराची ती झोप अंगाला चिकटून बाहेर यायची! ललिताबाई तिला दारातूनच चहा द्यायच्या. ती कप बाहेर घ्यायची, पिऊन उंबऱ्याशी ठेवायची.

हे सगळं वरच्या मजल्यावरच्या संध्यावहिनींनी पाहिलं. सून दाराबाहेर पायरीवर, बाळ आत रडतंय, सासू चहा लांबून देते आणि सून आत शिवत नाही! संध्यावहिनींनी जाता जाता सहज विचारलं, की काय गं, अशी इथं का? निकिता तेव्हा नेमकी भोकांचं अंतर मोजत होती. मान वर न करता ती म्हणाली, "काही नाही वहिनी, दोन दिवस बाहेर बसलेय."

झालं! संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळलं, की ललिताबाईंकडे अजून सुनेला चार दिवस बाहेर बसवतात. तेही जिन्यात! विज्ञानाच्या बाई म्हणे! बिल्डिंगमधल्या बायकांचं एक शिष्टमंडळ ललिताबाईंना समजवायला आलं. काळ किती पुढे गेलाय, ते सगळ्यांनी आळीपाळीनं सांगितलं. ललिताबाईंना आधी अर्थच लागेना. लागला तेव्हा त्या अशा लाल झाल्या, की त्यांच्या स्वतःच्या पट्ट्याचीही परीक्षाच होती.

"अहो, आमच्याकडे तसलं काही नसतं! तिचा लॅपटॉप घरात चालत नाही म्हणून बसलीय ती."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. संध्यावहिनी अगदी हळुवारपणे म्हणाल्या, "लॅपटॉपलाही चालत नाही का?"

त्या रात्री ललिताबाई जेवल्या नाहीत. मात्र शुक्रवार संपता संपता ड्रॉइंग पुरं झालं होतं. जिन्याच्या दिव्याखाली निकितानं ते सेव्ह केलं, पुन्हा सेव्ह केलं, आणि मग लॅपटॉपच्या पाठीवरून ओजसच्या फिरवते तसा हात फिरवला.

शनिवारी रिक्षातून अंबडला जाताना तिला कसलीही धास्ती नव्हती. घरच नाही, तर झोपणार कुठून? पट्टे जिन्यातच पर्समध्ये गेले होते.

देवरे साहेबांच्या केबिनमध्ये गोटीराम शिंदे नावाचे सुपरवायझरही बसले होते. घरून काम म्हणजे भाजी निवडता निवडता काम, असं त्यांचं स्पष्ट मत, आणि ते मत घेऊनच ते आले होते. साहेब मात्र नेहमीसारखे गप्प. अंबडच्या त्या उन्हात, पंखा गरम हवा ढवळत असतानाही, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटण लावलेलं.

निकितानं ड्रॉइंग उघडलं. साहेबांनी चष्मा लावला, पुढे वाकले आणि डावा हात लॅपटॉपच्या कडेला टेकवून पडद्यावरच्या एका भोकाकडे उजव्या हातानं बोट दाखवलं. "हे अंतर..."

काळोख.

तिला पाळणाघराची ती भिंत दिसली. भिंतीपाशी ओजस दिसला. जीभ बाहेर काढलेला.

गोटीराम खुर्चीत रेलले. "घरी काम करून दमलं वाटतं मशीन."

तिनं तो जागा केला. ड्रॉइंग आलं. साहेब म्हणाले, हां, हेच अंतर, आणि पुन्हा हात टेकवून वाकले. पुन्हा काळोख!

आता मात्र निकितातली मोहरी दिसणारी नजर जागी झाली. आपण घरात नाही. आपले हात तर मांडीवर आहेत. मग हा झोपला कोणाच्या हातानं? तिनं साहेबांच्या हाताकडे पाहिलं. वाकल्यामुळे बाही जरा वर सरकली होती. आणि बाहीच्या आतून काहीतरी तांबूस डोकावत होतं. गोल गोल चुंबकांचं.

तिच्या डोक्यात एका क्षणात सगळे दिवे लागले. लॅपटॉपच्या झाकणात एक बारीकसं चुंबक असणार! झाकण मिटलं की ते खाली येतं आणि मशीनला कळतं, चला, झोपायची वेळ झाली. मनगटावरचं चुंबक जवळ आलं की बिचाऱ्याला वाटतं, झाकण मिटलं! घर नाही, आपण नाही, वीज नाही. शास्त्र! सासूबाईंचंच शास्त्र!

ती ओरडणार होती. पण साहेबांची ती मनगटापर्यंतची बटणं तिनं पाहिली, गोटीरामांकडे पाहिलं, आणि तिला आपला जिना आठवला. साहेबांची ती बाही म्हणजे त्यांचा जिनाच होता.

ती म्हणाली, "सर, खिडकीचा उजेड पडतोय पडद्यावर. तुम्ही जरा मागे टेकून बसता का? मी दाखवते."

साहेब मागे टेकले. हात पोटावर. लॅपटॉप जागा राहिला. निकितानं बाहेरची रेघ दाखवली, आतलं वर्तुळ दाखवलं, भोकांची अंतरं दाखवली. गोटीरामांनी एक अंतर चूक काढायचा प्रयत्न केला, पण चूक त्यांच्या चष्म्याची निघाली. साहेब काही बोलले नाहीत. निकिताला ती शांतता सनईसारखी वाटली.

गोटीराम कामावर गेल्यावर साहेबांनी विचारलं, की मघाशी नेमकं काय झालं होतं. निकितानं पर्समधून स्वतःचा एक पट्टा काढला आणि लॅपटॉपच्या कडेला ठेवला. पडदा काळा. उचलून लॅपटॉप जागा केला. पुन्हा ठेवला. काळा.

साहेब मूळचे देवळ्याचे. इतकी वर्षं नाशकात काढूनही दचकले की अहिराणी बाहेर यायची. "हाई काय शे?" ते पुटपुटले. मग त्यांची नजर स्वतःच्या बाहीवर गेली. ते उठले आणि केबिनचं दार लावून आले.

"तुम्हालापण बीपी? या वयात?"

"नाही सर," निकिता म्हणाली. "मला सासूबाई आहेत."

साहेबांनी बंद दाराकडे एकदा पाहिलं. मग बाहीचं बटण काढत म्हणाले, "मला मेव्हणे आहेत."

काम मिळालं. कायमचं, घरून. बाहेर येताना निकिताला वाटलं, की आता पळत जाऊन त्या पाळणाघराच्या भिंतीला टाटा करावा.

घरी येऊन तिनं ललिताबाईंना सगळं सांगितलं. पट्ट्यामुळे झालं हे सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला होता, की वाक्याचा शेवट तिचा तिलाच ऐकू आला नाही. ललिताबाईंनी स्वतः पट्टा ठेवून पाहिला. लॅपटॉप झोपला. उचलला, जागा केला, पुन्हा ठेवला. पुन्हा झोपला. त्यांच्या चेहऱ्यावर वर्गात प्रयोग साधल्यावर यायचं तसं तेज आलं.

"म्हणजे एवढंसं चुंबक एवढ्या मोठ्या यंत्राला झोपवतं," त्या म्हणाल्या. "मग एवढ्याशा पोराला का नाही झोपवणार?"

निकिता काही बोलायच्या आत दोन्ही पट्टे पाळण्याच्या वरच्या दांडीला बांधले गेले. ते खाली पडणार नाहीत ना, ओजसच्या तोंडात जाणार नाहीत ना, हे निकितानं गाठी ओढून ओढून पाहिलं. मग घरातल्या टेबलाशी, मोकळ्या मनगटांनी, लॅपटॉप उघडून ऐटीत बसली. पहिल्यांदाच आत!

थोड्या वेळानं संध्यावहिनी सुनेला आत घेतलं की नाही ते बघायला आल्या. ललिताबाईंनी ओठांवर बोट ठेवून त्यांना दारातच थांबवलं. पाळण्यात ओजस गाढ झोपला होता. आठवडाभराचं जागरण एकदम फेडत असल्यासारखा. टेबलाशी निकिता कीबोर्डवर गाल टेकवून त्याच्याइतकीच गाढ झोपली होती, आणि तिच्या गालाखालून एकच अक्षर उमटत उमटत पडद्यावर ओळीमागून ओळी भरत होतं. लॅपटॉप तेवढा टक्क जागा होता.

"चुंबक," ललिताबाई अभिमानानं कुजबुजल्या.

संध्यावहिनींनी पाळण्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं. जाताना त्यांनी आपल्या मिस्टरांसाठी एक पट्टा मागून घेतला. त्यांनाही अलीकडे झोप येत नव्हती. कामाचा ताण होता ना! पुढच्या आठवड्यात ऑफिसकडून त्यांना नवीन लॅपटॉप मिळायचा होता.